दोन ताटल्यांमधला वेळ

या हॉटेलात जेवण एकदम येत नाही, हे मास्तरांना आधी कुणी सांगितलं असतं तर ते पोट दुखतंय म्हणून घरीच पडून राहिले असते. पण ते आत शिरून बसले, पाण्याचे पेले आले आणि मग मुलाने समजावून सांगायला सुरुवात केली.

"बाबा, हे स्पॅनिश जेवण. याला तापास म्हणतात. छोट्या छोट्या ताटल्या येतात, एकेक करून. मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायचं. एक संपली की जरा वेळाने दुसरी. घाई नसते."

"आणि मधल्या वेळात?" मास्तरांनी विचारलं.

"मधल्या वेळात काय? बसायचं निवांत."

जगातलं कुठलंही काम सांगा, मास्तर मुकाट्याने करतील. निवांत बसणं, तेवढं एक त्यांना आता जमण्यातलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे, भिंतीला एक बाक, आणि दारात पाऊल ठेवताच येणारा साबणाचा वास. हाताखाली आलेलं डोकं त्यांनी कधी बिघडवलं नाही, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. सलूनवाला म्हटला की तोंडाचा पट्टा चालू, असा लोकांचा अनुभव असतो. मास्तर मात्र दिवसभरात जेमतेम "मान खाली" आणि "झालं" एवढंच बोलत. मुलाला त्यांनीच शिकवलं. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो काढायचा. फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. बरेच फुगे फुटल्यावर एक फुटला नाही. तेव्हा मास्तर "ठीक" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा दुसऱ्या खुर्चीशी उभा राहिला. कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग गेल्या हिवाळ्यात ते सुरू झालं. गिऱ्हाईक नव्हतं, मास्तर बाकावर पेपर घेऊन बसले होते, आणि पंखा बंद असताना पेपर फडफडत होता. त्यांनी खाली पाहिलं. उजवा हात आपला आपण हलत होता. तंबाखू मळावी तसा अंगठा बोटावर फिरत होता. त्यांनी उठून कात्री हातात घेतली, तर हात गपगार. कात्री ठेवली, बसले, की पुन्हा सुरू.

ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या डॉक्टरकडे ते गेले. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, वळायला लावलं, हात मांडीवर ठेवून महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली. ऑगस्टपर्यंत पोचेतो हात मांडीवर थडथड उडायला लागला होता. "कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "हात कामात असला की थांबतो, रिकामा बसला की हलतो. सध्या तरी तसं आहे. मनावर ताण आला की वाढतो. घरात सांगा."

मास्तरांनी घरात सांगितलं नाही. त्याला कारण होतं. त्यांना काम शिकवणारे उस्ताद होते, त्यांची नजर गेली तेव्हा त्यांना दुकानाच्या दाराजवळ स्टुलावर बसवलं होतं. येणारं गिऱ्हाईक त्यांना वाकून नमस्कार करी आणि दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसे. तो नमस्कार मास्तरांनी रोज पाहिला होता. तसला नमस्कार आपल्या वाट्याला येण्यापेक्षा मरण बरं, असं त्यांना अगदी मनापासून वाटत असे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी एक उपाय धरला. हात रिकामा ठेवायचा नाही. दुकानात ते झाडू मारत, टॉवेल घड्या करत, आरसे पुसत. मुलाच्या खुर्चीत कुणी बसलं की हे वस्तरा घेऊन आधी हजर. घरी भाजी निवडून देत, भांडी पुसत, बायकोच्या हातातली पिशवी ओढून घेत. बायको आपल्या बहिणींना फोनवर सांगे, "उशिरा का होईना, देव पावला गं बाई." मास्तर ते ऐकत आणि आणखी एक ताट पुसायला घेत.

आणि मग या आठवड्यात मुलगा म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी आपण बाहेर जेवायला जाऊ. एक बोलायचंय. दुकानात नको." चोराच्या मनात चांदणं. मास्तरांनी ओळखलं की पोराने हात पाहिलाय. आता चांगलंचुंगलं खाऊ घालून म्हणणार, बाबा, खूप केलंत, आता बसा.

म्हणून आज त्यांचा बेत ठरलेला होता. जेवण संपेपर्यंत हात दिसू द्यायचा नाही. पोराला शंका असेल तर ती इथेच मिटली पाहिजे. त्यांनी भिंतीकडची खुर्ची धरली, उजवा हात भिंतीच्या बाजूला राहील अशी. डावीकडे बायको बसली, समोर मुलगा. टेबल एवढंसं, की तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

पहिली ताटली आली. ऑलिव्हची फळं आणि टोमॅटो चोळलेले पावाचे भाजके तुकडे. मास्तरांनी ताटली लगेच ताब्यात घेतली. टूथपिकने एकेक फळ टोचून बायकोच्या पुढ्यात, मुलाच्या पुढ्यात, मग स्वतःच्या. हात काय सुंदर चालला होता. पण अशा ठिकाणच्या ताटल्या म्हणजे दाताखाली येईतो संपणाऱ्या. माणसाने भूक घरी ठेवूनच इथे यावं. तुकडे संपले, बिया उरल्या. मास्तरांनी त्या बियांचीही नीट रांग लावली. मग तीही लावून झाली.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मी काय म्हणत होतो..."

"हे फळ कडवट लागतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कापडी रुमाल उचलला. त्याची दुकानातल्या टॉवेलसारखी घडी घातली. मग बायकोच्या रुमालाची. मग हात लांब करून मुलाच्या.

वाढणारी मुलगी रिकामी ताटली न्यायला आली आणि हसली. "काका, एवढी छान घडी आमच्याकडे कुणाला येत नाही. येता का कामाला?"

"अगं, विचारू नकोस," बायको म्हणाली. "हल्ली यांना काम लागतंच. घरातसुद्धा बसत नाहीत." तिच्या आवाजात असा काही अभिमान होता की मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

मुलगा मात्र हसला नाही. तो त्या घड्यांकडे बघत होता. "हो," तो म्हणाला, "दुकानातही बसत नाहीत."

हे बोलणं मास्तरांना सुईसारखं लागलं. म्हणजे पाहिलंय याने. नक्की पाहिलंय.

दुसरी ताटली तळलेल्या बटाट्यांची होती, वर लाल तिखट सॉस. मास्तरांनी वाढलं. मुलगा पुन्हा "बाबा" म्हणाला, तेव्हा त्यांनी "गार होतंय, खा" म्हणून त्याच्या पुढ्यात आणखी दोन फोडी टाकल्या. तिसरं आलं ते मातीच्या वाडग्यात चरचरणाऱ्या तेलात कोळंबी आणि लसूण. "हात लावू नका, फार तापलंय," ती मुलगी म्हणेपर्यंत मास्तरांनी वाडगा उचलून बायकोपुढे सरकवला होता. बोटं भाजली. पण भाजलेली बोटं झटकता येतात, फुंकर घालता येते, म्हणजे तेवढंच काहीतरी काम. मास्तरांनी बराच वेळ फुंकर घातली.

मग ती मुलगी आली आणि तिने सगळंच उचललं. ताटल्या, वाडगा, काटे, टूथपिकची डबी, आणि मास्तरांनी घड्या घातलेले रुमालही, तेलाचे डाग पडले होते म्हणून. फडक्याने टेबल पुसून लख्ख केलं. "आता ऑम्लेट येईल," ती म्हणाली. "ते ताजं करतात. जरा वेळ लागेल."

टेबलावर पाण्याच्या पेल्यांखेरीज काही उरलं नाही. मास्तरांनी पाणी पिऊन टाकलं. पेला रिकामा झाला. तो किती वेळ हातात धरून बसणार? खाली ठेवला, आणि हात मांडीवर घेतला.

तो सुरू झाला. मास्तरांनी तो मांडीखाली दाबला, तर मांडीच हलायला लागली. बाहेर काढून भिंतीला टेकवला, तर बोटांची हाडं भिंतीच्या लाकडी पट्टीवर वाजायला लागली. टक टक टक टक.

"कसला रे आवाज?" बायको म्हणाली.

मुलाने मान वळवून मागच्या टेबलाकडे पाहिलं. मास्तरांनी हात दोन्ही गुडघ्यांत कचकन धरला. गुडघा टेबलाच्या पायाला लागला होता. बायकोच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठली, आणि मास्तर त्या पाण्याकडे बघत राहिले. आता हिने एकदा खाली पाहिलं, की संपलं सगळं.

"हात धुऊन येतो," म्हणून ते उठले.

हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग कागद घेऊन बेसिन पुसलं, नळ पुसला, आरसा पुसला. आरशात त्यांना आपलं तोंड दिसलं, भेदरलेलं. हे तोंड घेऊन तू पोराला फसवणार आहेस, असं त्यांनी स्वतःला ऐकवलं आणि ते बाहेर आले.

"बसा," मुलगा म्हणाला. "आणि आता उठू नका. मला सकाळपर्यंत कळवायचंय, त्याआधी तुम्हाला सांगायचंय."

मास्तर बसले. हात पुन्हा गुडघ्यांत.

"मला प्रवासी जहाजावर नोकरी मिळतेय. तिथल्या सलूनमध्ये. वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर. मी हो म्हणतोय."

एवढंच होतं तर. हाताबद्दल काही नाही. बाबा बसा, असं काही नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना पुढे कायम लाज वाटत राहिली.

"अरे पण दुकान?" बायको म्हणाली.

"दुकानाला मी कशाला लागतो, आई? बाबा पुरेसे आहेत." मुलगा मुद्दाम हळू बोलत होता. आवाज चढू नये म्हणून त्याने टेबलाची कड धरली होती. "माझ्या खुर्चीत माणूस बसतो, मी कापड झटकून त्याच्या गळ्याला बांधतोय, तोवर हे वस्तरा घेऊन मागे उभे. परवा माझा शाळेतला मित्र आला. माझा मित्र, माझ्याकडे आलेला. त्याचीही दाढी यांनी केली. मी बाकावर बसून आरशात तिघांना बघत होतो. गिऱ्हाइकं मला विचारतात, तुझं आणि मास्तरांचं काही बिनसलंय का?"

"तसं नाही," मास्तर म्हणाले.

"मग कसं आहे? माझं काम पसंत नाही ना, तर तसं सांगा. फुगा फुटला नाही तेव्हा एकदा ठीक म्हणालात. त्यानंतर चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. आणि आता तर हातातलं काम काढून घेता. मला काय समुद्राची हौस आलीय? तळ्यातल्या होडीत बसलो तरी मला मळमळतं. पण इथे रोज आरशात स्वतःचं तोंड बघत बसण्यापेक्षा तिथे ओकारी काढलेली परवडली."

बायको हसली नाही. मास्तरही नाही.

मास्तर तसे बुद्धीला मंद नव्हते, पण एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती. आपण हात लपवत होतो आणि पोराला वाटत होतं, बाप आपल्याला खड्यासारखा बाजूला काढतोय. इतके महिने एकाच खोलीत, एकाच आरशापुढे उभे राहून हे झालं होतं. आता गप्प बसलं तर सगळं सुरळीत होणार होतं. पोरगा जहाजावर जाईल, दुकानात बघणारं कुणी राहणार नाही, खुर्ची मास्तरांची ती मास्तरांची. फक्त पोरगा आयुष्यभर समजून चालेल की बापाला मी नकोसा झालो होतो.

तेवढ्यात ऑम्लेट आलं. जाडजूड, आत बटाटा, केकसारखं गोल. शेजारी सुरी. ती मुलगी सुरीची मूठ मास्तरांकडे करून ठेवून गेली. तिनेही एव्हाना ओळखलं होतं की या टेबलावर वाढतं कोण.

मास्तरांचा हात गुडघ्यांतून निघून सुरीकडे गेला. सुरी धरली की तो थांबणार होता. सहा सारखे तुकडे होणार होते, ते सगळ्यांच्या पुढ्यात पडणार होते, आणि हाही वेळ निघून जाणार होता. बोटं मुठीला लागली. मास्तरांनी ती सोडवून घेतली.

त्यांनी सुरी बाजूला सारली, उजवा हात टेबलाच्या मधोमध, ऑम्लेटच्या शेजारी ठेवला, आणि काहीच केलं नाही.

हातही मोठा वस्ताद. हलेचना. मुलगा हाताकडे बघतोय, बायको हाताकडे बघतेय, आणि हात आपला शहाण्या मुलासारखा पडून. मास्तरांना वाटलं, अजूनही उचलावा. अजूनही कुणाला काही कळलेलं नाही. त्यांनी दात आवळले आणि तो तसाच ठेवला.

मग अंगठा हलला. मग पहिलं बोट. मग सगळा पंजा मनगटापासून उडायला लागला. ताटलीच्या कडेला लागून सुरी वाजायला लागली.

"अहो, हे काय होतंय?" बायकोने झटकन त्यांचा हात धरायला हात पुढे केला.

"धरू नकोस," मास्तर म्हणाले. "बघू दे त्याला."

मुलगा बघत होता.

"हिवाळ्यापासून आहे. कंपवात म्हणतात. रिकामा असला की असा होतो, काम दिलं की थांबतो." मास्तरांना एवढं सलग बोलायची सवय नव्हती, मध्ये मध्ये दम घ्यावा लागत होता. "म्हणून मी तुझी गिऱ्हाइकं घेत होतो. तू पाहू नयेस म्हणून. तुझ्या कामात खोट नाही. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पहिल्या वर्षापासून आहे. मी बोललो नाही."

मुलाने तोंड उघडलं, पण आधी बायको बोलली. अगदी हळू.

"म्हणजे ती भांडी. आणि भाजी निवडणं."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "सुरुवातीला त्यासाठीच," मास्तर म्हणाले.

"मी सगळ्या बहिणींना सांगितलं हो." तिने पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. "आणि नंतर?"

"नंतर तू शेजारी उभी राहून दिवसभराचं सांगायचीस. ते ऐकायला बरं वाटायचं. भांडी संपू नयेत असं वाटायचं."

बायकोने मान फिरवली. रागावली की रडतेय, हे मास्तरांना कळेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

"आणि वस्तरा?" मुलगा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "हा हात घेऊन तुम्ही लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवत होतात?"

"वस्तरा धरला की थांबतो. डॉक्टर म्हणाले."

"थांबतो. आणि एखाद्या दिवशी नाही थांबला तर? ज्याच्या गळ्यावर असेल त्याला काय सांगणार होतात? माझा मित्र होता परवा त्या खुर्चीत."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. हा प्रश्न मास्तरांना रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना पडत असे, आणि रोज ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावून तो बुजवून टाकत. आपण फक्त आपल्या खुर्चीचा विचार केला. त्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून जी माणसं बसली, त्यांचा केला नाही. त्यांनी मान खाली घातली.

ऑम्लेटची वाफ केव्हाच विरली होती.

"सकाळी मी जहाजवाल्यांना काय कळवू?" मुलाने विचारलं.

मास्तरांच्या ओठावर उत्तर तयार होतं. तुझं तू बघ. मुलाने शाळा सोडतो म्हटलं तेव्हा तेच म्हणाले होते, दुकानात येतो म्हटलं तेव्हाही तेच. त्यात बापाचा आब राहतो, आणि पोराला जायचं तर दारही उघडं राहतं. ते शब्द जिभेवर आले, आणि समोर पोरगा टेबलाची कड धरून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेला होता. हाताकडे नव्हे, तोंडाकडे.

"जाऊ नकोस," मास्तर म्हणाले. "मला एकट्याला जमणार नाही. आणि जमलं असतं, तरी तू जाऊ नये असंच मला वाटलं असतं."

मुलाने टेबलाची कड सोडली. रुमाल नव्हता, म्हणून त्याने तळव्यानेच डोळे पुसले.

"वस्तरा?" तो म्हणाला.

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून ताटलीशी थडथडत होता.

"तुझ्याकडे. उद्यापासूनच."

हे वाक्य बोलताना आपलं काय होईल, याची त्यांनी हिवाळ्यापासून धास्ती घेतली होती. झालंही अगदी तसंच, काकणभरही कमी नाही. ते टेबलाला धरून बसून राहिले. समोर मुलगा बसला होता, आणि तो कुठे जाणार नव्हता.